शाईचे गणित : तबला, गळा आणि एक उलटा प्रश्न

मडके घेताना ते बोटाच्या पेराने वाजवून घ्यावे, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. खणखणीत वाजले तर पक्के. बद्द वाजले तर कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. टरबूज वाजवून घेणारे गिऱ्हाईक आणि फलाटावर गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जाणारा रेल्वेचा माणूस हे दोघे तेच करतात. वस्तू आत कशी आहे ते आवाजावरून ओळखायचे, एवढेच त्यांचे काम. यातला सरळ प्रश्न असा : वस्तू माहीत आहे, तर ती वाजेल कशी? उलटा प्रश्न असा : वाजली कशी ते माहीत आहे, तर वस्तू कशी असेल? गणितात या उलट्या प्रश्नाला नीट शब्दांत मांडायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली आणि तो सोडवायला विसावे शतक. या प्रवासात आपल्या चर्मवाद्यांचा जो वाटा आहे तो मराठीत फारसा सांगितला गेलेला नाही. या लेखापुरता माझा विषय तेवढाच.

मी राहतो ते लोहारा यवतमाळ शहराला लागून आहे. एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला जुने गाव. विदर्भातल्या कुठल्याही गावाप्रमाणे येथेही भजन म्हटले की खंजिरी आली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली तिच्यामुळे अमरावती-यवतमाळ-वर्धा या पट्ट्यात हे वाद्य घराघरांत पोहोचले. भजनात तिच्या शेजारी बहुधा तबलाही असतो. दोन्ही कातडी ताणून केलेली वाद्ये, दोन्ही हातानेच वाजवायची. पण तबलजी पेटीच्या स्वराला तबला लावून घेतो. खंजिरी कोणत्या स्वरात आहे असे मात्र कोणी विचारत नाही. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवूनही या फरकाचे पुरेसे उत्तर मला पाठ्यपुस्तकात मिळाले नव्हते. ते मिळाले जुन्या शोधनिबंधांत.

आधी तारेकडे पाहू. दोन्ही टोकांना ताणून बांधलेली एकसारख्या जाडीची तार छेडली की ती एकाच वेळी अनेक प्रकारे हलते. सगळ्यात मंद हालचालीची कंपनसंख्या एक धरली, तर बाकीच्या दोन, तीन, चार, पाच अशा पूर्ण पटीत येतात. या पूर्ण पटींमुळेच कानाला एक स्वर ऐकू येतो. गोल ताणलेल्या कातड्याचे तसे नाही. सगळीकडे सारख्या जाडीचे, सारखे ताणलेले गोल कातडे वाजवले तर त्याच्या कंपनसंख्या साधारण १, १.५९, २.१४, २.३०, २.६५, २.९२ अशा चढत जातात. एकही पूर्ण पट नाही. सगळे मिळून आवाज होतो, स्वर होत नाही. खंजिरी, डफ, हलगी यांची ही गोष्ट आहे. त्यात कमीपणा काही नाही. पोवाड्याला डफाचा जो दणका लागतो तो स्वरात बसून मिळालाच नसता.

हलगी वाजवण्याआधी शेकोटीवर धरून शेकतात. कातडे तापले, आतला ओलावा गेला की ताण वाढतो आणि आवाज चढतो. पण ताण सगळीकडे सारखा वाढला तर सगळ्या कंपनसंख्या एकाच प्रमाणात वाढतात, १.५९ हे गुणोत्तर १.५९ च राहते. म्हणजे शेकून हलगी चढेल, स्वरात येणार नाही. गुणोत्तरेच बदलायची असतील तर ताणाचा उपयोग नाही, कातड्याच्या अंगातच काहीतरी फेरफार करावा लागतो. तबल्याच्या मधोमध असलेली काळी शाई म्हणजे हा फेरफार.

गणिती लोक हेच वेगळ्या भाषेत सांगतात. हलणाऱ्या वस्तूची आकृती, ताण, वजनाची वाटणी आणि कडेचे बांधकाम हे सगळे मिळून एक ‘डिफरन्शियल ऑपरेटर’ ठरतो. ऑपरेटर म्हणजे एक यंत्र समजा : त्यात वस्तूचा वर्णन-कागद घातला की बाहेर कंपनसंख्यांची यादी पडते. या यादीला स्पेक्ट्रम, म्हणजे वर्णपट, म्हणतात. शब्द प्रकाशाच्या अभ्यासातून आला, पण आवाजालाही तो तितकाच लागू आहे. वर्णन-कागदात थोडी खाडाखोड केली, एखाद्या जागी वजन लावले, एखादा भाग पातळ केला, की यादी थोडी सरकते. या खाडाखोडीला ‘पर्टर्बेशन’ म्हणतात. खाडाखोडीवरून यादी काढणे हा सरळ प्रश्न. सरकलेल्या यादीवरून खाडाखोड ओळखणे हा उलटा.

कातड्याला लेप लावण्याची चाल जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात पुष्कर वाद्यांच्या प्रकरणात ‘मार्जना’ सांगितल्या आहेत : मायूरी, अर्धमायूरी आणि कार्मारवी. वाद्याच्या वेगवेगळ्या मुखांना नेमक्या स्वरांत लावण्याच्या या पद्धती होत. त्यासाठी नदीकाठची काळसर माती कातड्याला लावायची. कोणती माती चालेल, कोणती चालणार नाही याचाही विचार तेथे आहे. पुढचा टप्पा आपल्या घराजवळचा. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या वाद्याध्यायात मर्दलाला लावायच्या लेपाचे वर्णन येते : शिजवलेला भात आणि राख यांचे मिश्रण. त्याला नाव आहे ‘बोहण’. पखवाजाच्या डाव्या पुडीला आजही वाजवण्याआधी कणकेचा गोळा थापतात आणि मैफल संपली की खरवडून काढतात. देवगिरीच्या भाताचाच हा वंशज आहे असे म्हणण्यापुरता पुरावा नाही, पण युक्ती तीच.

तबल्याच्या शाईचा प्रकार याहून पुढचा. लेप कायमचा. लोखंडाची बारीक पूड, काजळी आणि चिकटपणासाठी खळ असे मिश्रण पातळ थरांनी लावतात आणि प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घोटतात. एक थर वाळत आला की त्यावर दुसरा, त्याहून लहान घेराचा. म्हणून शाई मधोमध जाड आणि कडेला पातळ असते. घोटताना तिच्यात बारीक भेगांचे जाळे तयार होते. नवख्याला तो दोष वाटेल. पण भेगा नसत्या तर शाई ताठ चकतीसारखी वागली असती आणि कातड्याला वाकूच दिले नसते. भेगांमुळे ती कातड्याला वजन देते, ताठरपणा फार देत नाही. दगडाचा हात कुठे थांबवायचा हे कारागीर मधून मधून वाजवत ठरवतो.

आता एक पाऊल युरोपात. लॉर्ड रॅली यांचा ‘थिअरी ऑफ साउंड’ हा ग्रंथ १८७७-७८ साली दोन खंडांत आला. त्यात त्यांनी असा नियम काढून दाखवला की कंप पावणाऱ्या वस्तूला एखाद्या जागी थोडे वजन लावले, तर जी हालचाल त्या जागी जोरात होते तिची कंपनसंख्या जास्त उतरते. जी हालचाल त्या जागी शून्य असते तिच्यावर परिणामच होत नाही. तबल्याला हा नियम लावून पाहा. सगळ्यात मंद हालचालीत सगळे कातडे एकदम वरखाली होते आणि मध्यभाग सर्वांत जास्त हलतो. मध्ये शाई लावली की ही कंपनसंख्या चांगलीच खाली येते. दुसऱ्या हालचालीत कातडे मधल्या रेषेवर दुमडल्यासारखे होते. एक बाजू वर, दुसरी खाली, आणि मध्यबिंदू जागचा हलत नाही. तिच्यावर शाईचा परिणाम कमी. पहिली खाली सरकली, दुसरी त्या मानाने जागीच राहिली. म्हणजे दोघींतले अंतर १.५९ वरून वाढत दोनाकडे गेले. शाईची रुंदी आणि वजन नेमके साधले तर ते बरोबर दोनवर थांबवता येते. बाकीच्या हालचालींचीही अशीच ओढाताण होते आणि सगळ्यांना एकाच वेळी जागेवर आणणे ही खरी कसरत. रॅलींना हे गणित येत होते, पण त्यांच्यासमोर तबला नव्हता. त्यांनी पाहिला युरोपीय केटलड्रम. त्यात आतल्या हवेमुळे काही कंपनसंख्या २:३:४ च्या जवळ येतात, एवढे त्यांनी नोंदवले.

तबला-मृदंग प्रयोगशाळेच्या टेबलावर आणले चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. ते तेव्हा कलकत्त्यात होते. रामन आणि शिवकाली कुमार यांची टिपणवजा नोंद १९२० साली ‘नेचर’मध्ये छापून आली. तिचे म्हणणे थोडक्यात असे की भारतीय वाद्यांत पूर्ण पटीत येणारे उपस्वर देणारी चर्मवाद्ये आहेत. सविस्तर निबंध १९३४ साली बंगळूरहून, भारतीय विज्ञान अकादमीच्या प्रोसीडिंग्जमध्ये आला. मधल्या काळात रामन यांना नोबेल मिळाले होते. त्यांचे नाव ज्या परिणामाशी जोडले आहे तोही एका अर्थी उलटाच प्रश्न सोडवायला मदत करतो : रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटावरून रेणूची कंपने आणि त्यावरून त्याची रचना ओळखायची. पण नोबेल मिळालेला माणूस मृदंगावर रेती टाकत बसला होता, हे मला जास्त आवडते.

रेतीचा प्रयोग असा. कातड्यावर बारीक रेती भुरभुरवायची आणि वाजवायचे. जेथे कातडे हलते तेथून रेती उडते; जेथे हलत नाही तेथे जमा होते. रेतीच्या रेषा म्हणजे स्थिर रेषांचा नकाशा. बोट एका जागी हलके टेकवून दुसऱ्या जागी थाप मारली तर रामन यांना हवी ती हालचाल निवडून काढता येई. तबलजी ‘तिं’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेवर टेकवतो ते याच कारणाने; नको त्या हालचाली बोटाने दाबून टाकायच्या. रेतीच्या चित्रांवरून रामन यांनी दाखवले की पहिल्या नऊ हालचाली नऊ वेगवेगळे उपस्वर देत नाहीत. त्या फक्त पाच ठिकाणी गोळा होतात. पहिल्या आणि दुसऱ्या उपस्वराला एकेक हालचाल, तिसऱ्याला दोन, चौथ्याला दोन आणि पाचव्याला तीन. साध्या कातड्यात विस्कटून पसरलेल्या नऊ कंपनसंख्या शाईने ओढून १, २, ३, ४, ५ या पाच खुंट्यांना बांधल्या होत्या.

रामन यांनी ही रचना करणाऱ्यांच्या ध्वनिज्ञानाची मोकळ्या मनाने तारीफ केली आहे. येथे मला थोडे थांबायचे आहे. दिवाळी अंकांतून, व्याख्यानांतून या तारिफेचा पुढे जो उपयोग होतो तो मला पटत नाही. ‘आपल्या पूर्वजांना हे गणित येत होते’ असे एक वाक्य फेकले की काम झाले, असे वाटते. गणित येत होते असे म्हणायला कसलाही आधार नाही. त्यांच्याकडे कान होता, हात होता आणि चुकलेले काम खरवडून पुन्हा करण्याची सोय होती. नाट्यशास्त्राच्या ओल्या मातीपासून घोटलेल्या शाईपर्यंत जे घडले ते पिढ्यानुपिढ्यांचे करून पाहणे होते. ते गणितापेक्षा हलके नाही, वेगळे आहे. आणि ‘पूर्वज’ म्हणताना ज्यांचे हात यात राबले ते चर्मकाम करणारे कारागीर आपण बहुधा मोजत नाही, ग्रंथकर्ते मोजतो. शार्ङ्गदेवाचे नाव राहिले, बोहण थापणाऱ्याचे राहिले नाही.

रामन यांनी मोजले. गणिती नमुना मांडला तो बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी. त्यांचा निबंध १९५४ साली अमेरिकेतल्या अकूस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यांनी तबल्याचे कातडे दोन भागांचे मानले : मधली गोल जड चकती आणि तिच्याभोवती हलके कडे. दोन्ही भागांचे वजन आपापल्या जागी एकसारखे. चकतीची त्रिज्या पूर्ण पडद्याच्या सुमारे चार दशांश घेतली आणि तिचे वजन योग्य धरले, तर रामन यांच्या पाच खुंट्या कागदावर जवळपास जशाच्या तशा उतरतात. १९५७ साली रामकृष्ण यांनी डग्ग्याचा हिशेब केला. तो जास्त अवघड, कारण डग्ग्याची शाई मधोमध नसते, एका बाजूला असते. गोलातली गोल जर मधून सरकली तर सोपी समीकरणे हातातून निसटतात. येथवर सगळे सरळ प्रश्नाचे उत्तर झाले : शाई अशी असेल तर यादी अशी येईल.

उलट्या प्रश्नाची कथा दुसऱ्या वाटेने चालली होती. १८८२ साली आर्थर शुस्टर या भौतिकशास्त्रज्ञाने तारे आणि ज्वाळा यांच्या वर्णपटांविषयी लिहिताना एक उपमा दिली. घंटेचा आकार माहीत असेल तर तिचे स्वर काढणे कदाचित जमेल. पण स्वरांवरून घंटेचा आकार काढा म्हटले तर भले भले गणिती हात टेकतील, असा तिचा आशय. त्यांच्या डोक्यात घंटा नव्हती, अणू होता. अणूतून येणाऱ्या प्रकाशाच्या रेषा म्हणजे अणूचे स्वर. त्यांवरून अणूची घडण ओळखायची होती.

१९२९ साली विशीतल्या व्हिक्टर अंबार्त्सुमियन या आर्मेनियन खगोलशास्त्रज्ञाने या दिशेने पहिले पक्के पाऊल टाकले. त्याने तारेच्या नमुन्यातला एक खास प्रसंग घेतला. दोन्ही टोके मोकळी असलेल्या अशा व्यवस्थेची यादी जर अगदी तंतोतंत, कसलाही फेरफार नसलेल्या व्यवस्थेसारखी असेल, तर फेरफार खरोखरच नाही, हे त्याने सिद्ध केले. मडके निर्दोष वाजले, म्हणजे निर्दोष आहे. निबंध जर्मन भौतिकी नियतकालिकात छापला गेला आणि बरीच वर्षे कोणाच्या नजरेस पडला नाही. खगोलशास्त्रज्ञाने गणिताचा लेख भौतिकीच्या मासिकात छापला तर दुसरे काय होणार, असे ते पुढे गमतीने म्हणत.

पण निर्दोष मडक्याचा प्रसंग फसवा ठरला. १९४६ साली स्वीडनच्या ग्योरान बोर्ग यांनी दाखवले की सर्वसाधारण फेरफार ओळखायला एक यादी पुरत नाही. का ते साध्या उदाहरणाने कळते. तारेच्या डाव्या टोकाजवळ मेणाचा ठिपका लावला काय किंवा तेवढ्याच अंतरावर उजव्या टोकाजवळ लावला काय, कंपनसंख्यांची यादी तीच येणार. यादी ऐकून डावे-उजवे सांगता येत नाही. बोर्ग यांचा उपाय असा : त्याच तारेची दुसरी यादी घ्या, एका टोकाचे बांधकाम बदलून. आधी दोन्ही टोके घट्ट. मग एक टोक मोकळे. दोन याद्या मिळून फेरफार नेमका ठरतो. पुढे १९५१ साली सोव्हिएत रशियात गेलफांड आणि लेवितान यांनी मिळालेल्या माहितीवरून फेरफार प्रत्यक्ष उभा करण्याची रीत दिली. म्हणजे तारेपुरते, एका मितीपुरते शुस्टर यांचे आव्हान सुटले.

कातड्याचे काय? तो प्रश्न मार्क काक यांनी १९६६ साली एका लेखाच्या शीर्षकातच विचारला : ढोलाचा आकार ऐकून सांगता येईल का? येथे कातडे साधे, सारख्या जाडीचे. फक्त कडेचा आकार ओळखायचा. काही गोष्टी ऐकू येतात हे आधीच माहीत होते. हर्मान वाइल यांनी १९११ साली दाखवले होते की उंच उंच कंपनसंख्या किती दाटीने येतात यावरून क्षेत्रफळ कळते. १९४९ साली वाल्टेरच्या आंध्र विद्यापीठातले सुब्बरामय्या मीनाक्षीसुंदरम आणि स्वीडनचे ओके प्लेयेल यांनी यादीतून भूमितीची माहिती गाळून काढण्याचे जे तंत्र दिले, त्यावर पुढचे बरेचसे काम उभे आहे. कडेची लांबीही ऐकू येते. पण पूर्ण आकार? १९९२ साली कॅरोलिन गॉर्डन, डेव्हिड वेब आणि स्कॉट वोल्पर्ट यांनी आठ-आठ बाजूंच्या दोन आकृत्या कागदावर काढून दाखवल्या. आकार वेगळे, कंपनसंख्यांची यादी शेवटपर्यंत एकच. असे दोन ढोल शेजारच्या खोलीत वाजवले तर यादीवरून कोणता कोणता हे जगातला कोणताही कान सांगू शकणार नाही.

आता कारागिराकडे परत पाहिले तर त्याच्या कामाचे स्वरूप जास्त स्पष्ट होते. तोही यादीकडून वस्तूकडे जातो. १, २, ३, ४, ५ ही यादी कानात धरून शाई घडवतो. पण त्याचा उलटा प्रश्न ओळखण्याचा नाही, जुळवण्याचा आहे. ओळखणाऱ्याला उत्तर एकच हवे असते. दोन निघाली तर त्याचे काम फसते. जुळवणाऱ्याला दहा उत्तरे निघाली तर आनंदच. एका घराण्याचा कारागीर शाई जरा रुंद ठेवतो, दुसरा जरा जाड; दोन्ही तबले स्वरात लागतात. शिवाय त्याला सगळी अनंत यादी जुळवायची नसते, पहिल्या नऊ हालचाली पुरेत. अनेक उत्तरे असणे, जे गणित्यांना १९९२ मध्ये निराशेसारखे वाटले, त्याच्यावर या धंद्याचे पोट चालते.

ओळखण्याच्या बाजूची एक गोष्ट मात्र मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात तोच माणूस पुन्हा भेटतो. १९५४ च्या तबल्याच्या निबंधातले सोंधी पुढे अमेरिकेत गेले आणि बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. टेलिफोन कंपनीची ती प्रयोगशाळा. तिथला जिव्हाळ्याचा प्रश्न माणसाचे बोलणे. घशातल्या स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची वाट ही मोठ्या माणसात साधारण १७ सेंटिमीटर लांबीची वाकडी नळी आहे. ती सगळीकडे सारख्या रुंदीची असती तर तिच्या कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ५००, १५००, २५०० अशा आल्या असत्या. जीभ उचलून आपण ती कुठे अरुंद करतो, कुठे रुंद. त्याबरोबर या संख्या सरकतात आणि ‘आ’ चा ‘ई’ होतो, ‘ई’ चा ‘ऊ’. प्रत्येक स्वर उच्चारताना आपण एका नळीत फेरफार करतो आणि ऐकणारा सरकलेल्या यादीवरून तो स्वर ओळखतो. मग यादीवरून तोंडातल्या नळीचा आकारच काढता येईल का?

१९६७ साली मानफ्रेड श्रोडर आणि पॉल मर्मेलश्टाइन यांनी हा प्रश्न घेतला. थोडासा फेरफार धरून हिशेब केला तर बोर्ग यांचीच अडचण समोर आली. ओठ उघडे असतानाच्या कंपनसंख्यांतून नळीच्या आकाराची निम्मी माहिती मिळते. उरलेली निम्मी ओठ बंद केल्यावरच्या यादीत दडलेली. आणि ओठ बंद केले तर माणूस बोलणार कसा? नुसते बोलणे ऐकून तोंडाचा आकार नक्की करता येत नाही, हा निष्कर्ष निघाला. तो नकली आवाज काढणाऱ्यांच्या पथ्यावर पडणारा आहे; जिभेची ठेवण वेगळी असूनही कानाला स्वर तोच लागू शकतो.

सोंधी यांनी बी. गोपीनाथ यांच्याबरोबर १९७०-७१ साली यातून वाट काढली. माणसाला बोलायला लावायचेच नाही. त्याने ओठ एका नळीला लावायचे आणि आवाज न काढता स्वराची ठेवण करायची. नळीतून आवाजाचा एक झटका आत पाठवायचा आणि परत येणारा प्रतिसाद ओठांपाशीच टिपायचा. दोन याद्यांत जेवढी माहिती असते ती या एका प्रतिसादात सामावलेली असते. त्यावरून घशापर्यंतचा आकार, कुठे किती रुंद आणि कुठे किती अरुंद, काढण्याचे समीकरण त्यांनी दिले. गेलफांड-लेवितान यांच्या रीतीची ही बहीणच, पण हिशेब काळाच्या ओघात चालतो : पहिल्या क्षणात आलेला प्रतिध्वनी ओठांजवळचा आकार सांगतो, नंतरचा त्याहून आतला. जमिनीत धक्का पाठवून खडकांचे थर ओळखणाऱ्या भूभौतिकीच्या अभ्यासकांनीही पुढे हे समीकरण आपलेसे केले. तेथे ते आजही गोपीनाथ-सोंधी यांच्या नावानेच ओळखले जाते.

तबल्याच्या हिशेबामुळेच सोंधींना गळ्याचा हिशेब सुचला असा दावा मी करणार नाही. तसे कुठे लिहिलेले मला आढळले नाही. पण एकाच माणसाने ऐन उमेदीत शाईचा सरळ प्रश्न सोडवला आणि सोळा-सतरा वर्षांनी गळ्याचा उलटा प्रश्न, ही नोंद भारतीय विज्ञानाच्या इतिहासात जागा मिळण्याजोगी आहे. दोन्ही ठिकाणी मूळ वस्तू एकच : एकसारखी नसलेली, कुठे जड कुठे हलकी, कुठे रुंद कुठे अरुंद अशी कंप पावणारी व्यवस्था.

तबला लावताना जे ऐकू येते त्यातही हे गणित आहे. तबल्याच्या कडेने सोळा घरे असतात; गजऱ्यावर हातोडी मारून एकेका घराचा ताण सारखा करायचा. मघाशी सांगितलेली दुसरी हालचाल, कातडे मधल्या रेषेवर दुमडल्यासारखी होणारी, खरे तर एक नसून जोडी आहे : दुमडीची रेषा उभी असू शकते किंवा आडवी. वाद्य सगळीकडून सारखे असेल तर दोघींची कंपनसंख्या एकच. एका बाजूचा ताण जरा जास्त झाला की जोडी फुटते. दोन कंपनसंख्या एकमेकींपासून थोड्या दूर होतात आणि दोन्ही एकदम वाजल्या की आवाजात लहर येते, स्वर डोलतो. तबलजी चाटेवर एकेका घराशी वाजवत जातो आणि डोल ऐकून हातोडी कुठे मारायची ते ठरवतो. ही ओळखण्याची क्रिया आहे, जुळवण्याची नव्हे. येथे तो गणित्याच्याच बाजूला उभा आहे. आणि त्याला बोर्ग यांची युक्ती न सांगता साधली आहे : नुसती यादी ऐकून डावे-उजवे कळत नसेल, तर वाजवण्याची जागा बदलून पुन्हा ऐका.

रामकृष्ण-सोंधी यांच्या नमुन्यात एक सोय केली होती. शाई आणि लव यांच्या मधली सीमा त्यांनी काटकोनात कापल्यासारखी धरली. आत जड, बाहेर हलके, मध्ये काही नाही. कागद-पेन्सिलीने हिशेब करायचा तर दुसरा मार्ग नव्हता. २००९ साली चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतले जी. सतेज आणि आर. अधिकारी यांनी संगणकावर वेगळा नमुना घेतला. त्यात वजन मधल्या जड भागाकडून बाहेरच्या हलक्या भागाकडे हळूहळू उतरत जाते. उतार किती ठेवायचा ते यंत्राला शोधू दिले आणि निघालेल्या कंपनसंख्या प्रत्यक्ष मोजलेल्या संख्यांशी उत्तम जुळल्या. शाईचा प्रत्येक नवा थर आधीच्याहून लहान घेराचा लावायचा, कडेला पातळ होत जाऊ द्यायचा, ही कारागिराची सवय पहिल्या हिशेबात किरकोळ म्हणून गाळली गेली होती. दुसऱ्या हिशेबात तिच्यासाठी जागा करावी लागली.